मायणीचा तलाव आणि आपली चिंच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी आपल्या सभागृहात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुदती मोजल्या, तेव्हा स्वतःची मुदत पाळणं आलंच. पण आमच्या सौ. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. त्यांनी घड्याळाकडं बोट दाखवलं की मी थांबेन.

गेल्या महिन्यात, १२ जानेवारीला, आपल्या संस्थेची सहल मायणीच्या पक्षी राखीव क्षेत्राला गेली होती. आम्ही त्रेचाळीस जण होतो. सर्वांत लहान पाच वर्षांचा, सर्वांत मोठे एक्याऐंशी वर्षांचे. ज्यांना यायला जमलं नाही त्यांना तिथलं काहीतरी सांगावं, असा समितीचा निरोप आहे. मी काही पक्षितज्ज्ञ नव्हे. बगळा आणि कावळा यांच्या पलीकडचे पक्षी मला साठीनंतर कळायला लागले. त्यामुळं माझ्या बोलण्यात काही चुकलं तर आमच्या नातवानं सगळ्यांसमोर दुरुस्ती करावी. तो घरी करतोच.

मायणी म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं गाव. आपल्या मिरजेहून तासगाव, विटा आणि पुढं मायणी, असा दोन-अडीच तासांचा रस्ता. माझ्यासाठी हा रस्ता जुन्या ओळखीचा आहे. १९८५ ते १९८८ अशी तीन वर्षं मी विट्याच्या शाखेत होतो. माणसं कमी पडली की आठवड्यातून एक-दोनदा मायणीच्या शाखेत कामाला जावं लागे. सकाळची एस.टी. पकडायची, दिवसभर लेजरं भरायची, संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचं. तिथला शिपाई दरवर्षी थंडीत मला सांगायचा, "साहेब, तळ्यावर रोहित आल्यात. एकदा चला की बघायला." रोहित म्हणजे फ्लेमिंगो. मी म्हणायचो, "बाबा रे, मार्च एंड होऊ दे, मग जाऊ." आता गंमत बघा, मार्च एंड होईपर्यंत पक्षी आपल्या गावाला निघालेले असायचे. तीन वर्षं, तीन मार्च एंड. मी एकदाही त्या तळ्याच्या काठावर गेलो नाही. तिथून बदली झाली आणि विषय संपला.

म्हणून सहलीचं ठिकाण ठरवताना समितीत मीच मायणीचं नाव पुढं केलं. मनात एकच होतं, चाळीस वर्षांपूर्वीची बाकी चुकती करू.

पहाटे पाचला बस निघाली. तासगावच्या पुढं द्राक्षबागांवर जाळ्या टाकलेल्या दिसल्या. मुलांनी विचारलं, जाळ्या कशाला? तर भोरड्यांसाठी. ज्यांना पुस्तकात पळसमैना म्हणतात, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या. लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून या भोरड्या हाकलल्याचं आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ही पाखरं मध्य आशिया, पूर्व युरोप इकडून येतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. आम्हाला वाटायचं, शेजारच्या गावची असतील.

विट्यात नाष्टा झाला आणि आठाच्या सुमारास आम्ही तलावावर पोहोचलो.

आता तलावाविषयी थोडं सांगतो. हा तलाव नैसर्गिक नाही. इंग्रजांच्या काळात या दुष्काळी भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून तो बांधला. आपण म्हणतो सातारा-सांगली म्हणजे कृष्णाकाठ, ऊस, हिरवंगार. पण महाबळेश्वरला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा खटाव-माणकडं येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. तिथं वर्षाला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. अशा ठिकाणी कोणीतरी माती टाकून पाणी अडवलं, आणि पुढच्या एखाद्या हिवाळ्यात आकाशातून जाणाऱ्या पाखरांनी खाली पाहिलं. आमंत्रण दिलं नव्हतं, पण ती उतरली.

आपल्या महाराष्ट्रातली पक्ष्यांची बहुतेक प्रसिद्ध ठिकाणं अशीच आहेत. नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरीवरचा बंधारा. कालव्याला पाणी देण्यासाठी बांधला, मागं गाळ साठला, उथळ पाणी झालं, पाखरं आली. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र झालं. रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. तिथं पाणथळ जागा वाचवण्याचा करार झाला, तारीख होती २ फेब्रुवारी १९७१. आज तारीख काय? दोन फेब्रुवारी. सचिवांनी हे मुद्दाम जुळवलं नसणार, पण जुळलं खरं. तिकडं भीमेवरचं उजनी धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं, सिंचनासाठी. आज भिगवणला लोक गाड्या भरभरून रोहित बघायला जातात. विदर्भातला नवेगाव बांध पूर्वजांनी भातशेतीसाठी बांधला. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली त्या भागात वन अधिकारी होते. गेल्याच आठवड्यात वयाच्या ब्याण्णव्या वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. मराठी माणसाला पाखरांची नावं सांगण्यासाठी त्यांनी अख्खा पक्षिकोश लिहिला.

सांगायचा मुद्दा हा, की माणसानं पाणी अडवलं ते स्वतःसाठी. पाखरं त्यात नंतर आली. त्यांचा अर्ज नाही, शेअर सर्टिफिकेट नाही, तरी ती तिथली सभासद झाली.

२०२१ साली शासनानं मायणीचा परिसर 'पक्षी संवर्धन राखीव' म्हणून जाहीर केला. तिथले लोक सवयीनं अभयारण्यच म्हणतात. पण संवर्धन राखीव हा वेगळा प्रकार आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पुढं २००२ची दुरुस्ती झाली तेव्हा तो आला. सरकारच्या मालकीच्या जागेवर, आजूबाजूच्या लोकांशी सल्लामसलत करून तो घोषित होतो आणि त्याच्या व्यवस्थापनाला सल्ला द्यायला एक समिती असते. तिच्यात ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हणजे पाखरांनाही मॅनेजिंग कमिटी आहे! आपल्या कमिटीच्या सभेत पार्किंग आणि पाणीपट्टी असते, त्यांच्या सभेतही पाणी असणारच.

काठावर उभं राहिल्यावर पहिली दहा मिनिटं कोणालाच काही दिसेना. पाणी, पलीकडं बाभळी आणि थंडी. मग विट्याहून आलेला एक पक्षी बघणारा तरुण भेटला. त्यानं आपली दुर्बीण तिपाईवर लावली आणि मुलांना ओळीत उभं केलं. त्यानंतर जे दिसायला लागलं ते सांगतो.

पाण्याच्या मधोमध काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी डुबकत होते. त्यांचं मराठी नाव आहे वारकरी. कपाळी गोपीचंदन लावल्यासारखं दिसतं म्हणून. एक्याऐंशी वर्षांच्या आमच्या काकांनी, जे गुडघे दुखत असूनही वारीचा एक टप्पा चालतात, त्या पक्ष्याला तिथूनच हात जोडले. केशरी-बदामी रंगाची जोडी होती, ते चक्रवाक. हिमालयापलीकडून येतात. चोच फावड्यासारखी चपटी असलेली बदकं होती, ती थापट्या. थापी मारल्यासारखी चोच म्हणून थापट्या, नाव विसरायचं कारणच नाही. लाल काडीसारख्या पायांचे शेकाटे काठानं टिपत चालले होते. झाडावर चित्रबलाक होते, पंखावर गुलाबी छटा असलेले. ते बघून दोन-तीन मुलं "फ्लेमिंगो!" म्हणून ओरडली. आमच्या नातवानं त्यांना लगेच दुरुस्त केलं.

आणि पलीकडच्या काठाला करड्या रंगाचे सात-आठ हंस बसले होते. डोकं पांढरं, मागं दोन काळे पट्टे. पट्टकदंब. त्या तरुणानं त्यांच्याविषयी सांगितलं तेव्हा बसमध्ये मागच्या सीटवर पत्ते खेळायला आलेली मंडळीही पुढं आली. हा पक्षी तिबेट, लडाख, मंगोलिया इकडं अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून मोजलं आहे, सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून हे उडताना सापडले. तिथं माणसाला चार पावलं टाकली तर धाप लागते. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की विरळ हवेतला प्राणवायूही ते धरून ठेवतं. वजन म्हणाल तर दोन-अडीच किलो. आपण दिवाळीला पुण्याहून येताना लक्झरीत जागा मिळाली नाही तर दोन दिवस कुरकुरतो.

आपल्याला मिरजकरांना ही गोष्ट समजायला सोपी आहे, कारण आपण जंक्शनचे लोक आहोत. एकेकाळी आपल्या स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. पुण्याकडची, बेळगाव-बेंगळुरूकडची, पंढरपूर-लातूरकडची. माणसं उतरायची, वडा खायची, पाणी भरून घ्यायची, पुढची गाडी धरायची. पाखरांच्याही अशा लाईनी आकाशात आहेत. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या आपल्या लाईनला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, तीसेक देशांवरून जाते. मायणी हे त्या लाईनवरचं एक स्टेशन. काही पाखरं तिथं मुक्कामाला असतात, काही दोन दिवस खाऊन-पिऊन पुढं जातात. आता कल्पना करा, मिरज जंक्शनला एक दिवस कळवलं की पाणी बंद, फलाट बंद. गाडी थांबणार नाही. मग प्रवाशांनी काय करायचं? पाखराला तर पुढच्या स्टेशनापर्यंत पोहोचण्याइतकी चरबी अंगात हवी. नसेल तर ते वाटेत पडतं. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

आणि रोहित?

रोहित नव्हते.

तिथं शेरडं चारणारे एक आजोबा भेटले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, हितं लई वर्सं झाली त्यास्नी पाठ फिरवून. आता येरळवाडीच्या धरणाकडं उतरत्यात म्हणं. तळ्यात गाळ झाला. पाणी कमी पडलं की पार आटतंय, आन भरलं की खोल होतंय. त्या पाखराला गुडघाभर पाणी लागतंय, ना कमी, ना जास्त."

ते अगदी बरोबर बोलले. रोहित उभ्या-उभ्या, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चाळणीनं गाळल्यासारखं चिखलातलं शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. अंडी घालतो कच्छच्या रणात, चिखलाच्या उंचवट्यावर, आणि एका वेळी एकच अंडं. इतक्या हिशेबानं चालणाऱ्या जीवाला पाणी नसलं तरी चालत नाही, आणि धरण तुडुंब भरलं तरी उथळ कडा बुडून त्याचं ताट उचललं जातं. उजनी भरलेली असली की भिगवणला रोहित उशिरा येतात, ते यामुळंच.

मी बँकेचा माणूस, माझ्या डोक्यात लगेच दोन रकाने उभे राहिले. दुष्काळी भागाला पाणी मिळू नये असं कोण म्हणेल? आपण तर मिरजकर. २०१६च्या एप्रिलमध्ये आपल्या स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपल्यापैकी कित्येक जण ती बघायला गेले होते. पाण्याची किंमत आपल्याला शिकवायला नको. तेव्हा माणसाचं पाणी आधी, हे मान्यच. प्रश्न एवढाच, की दोघांचं भागेल अशी एखादी उथळ कड, एखादा कोपरा राखता येतो का. राखीव म्हणजे तेच. सगळं पाणी पाखरांना द्या असं कोणी म्हणत नाही. कोपरा ठेवा.

आजोबांशी बोलून मी जरा हिरमुसला होऊन परतलो. आमच्या सौ. झाडाखाली डबे उघडत होत्या. मी म्हटलं, "आपलं नशीबच नाही. रोहित काही दिसायचे नाहीत आता." त्या भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मी बघितलेत की."

मी म्हटलं, "कधी?"

"आपण विट्याला होतो तेव्हा. शेजारच्या दोघींबरोबर म्हसवडला सिद्धनाथाला गेले होते बघा मार्गशीर्षात. येताना मायणीत गाडी बदलायची होती, दोन तास गाडी नव्हती. स्टँडवरच्या बाईनं सांगितलं, तळ्यावर जावा, पाखरं आलीत. गेलो चालत. त्या तिकडच्या अंगाला सगळी गुलाबी रांग होती. एकदम उडाली तेव्हा पंखाखाली लाल-काळं दिसलं. आम्ही तिघीही गप्प झालो."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तुम्ही संध्याकाळी आलात ते टॅली लागेना म्हणत आलात. आणि नंतर विचारलंत कधी?"

आता हे मी भाषणात सांगू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मी सांगणार होतो. चाळीस वर्षं मला वाटत होतं की माझी एक गोष्ट बघायची राहिली आहे. खरं तर ती गोष्ट माझ्या घरात होती, मी विचारलं नाही. आणि दुसरं त्याहून जास्त लागलं. आमचा नातू आजीशेजारी बसून ऐकत होता. त्यानं विचारलं, "आजी, म्हणजे तू बघितलेत आणि मला दिसणार नाहीत?" त्याला मी सांगितलं, येरळवाडीला जाऊ, भिगवणला जाऊ. त्या दिवशी ड्रायव्हरला संध्याकाळची दुसरी वर्दी होती म्हणून जाता आलं नाही. पण तो विचारत होता ते येरळवाडीविषयी नव्हतं. तो या तळ्याविषयी विचारत होता.

परतीच्या वाटेवर विट्यात चहाला थांबलो. विटा-खानापूर-आटपाडीकडचे लोक गलाईच्या धंद्यात आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची. केरळपासून आसामपर्यंत जिथं सराफ बाजार आहे तिथं या भागातला माणूस भट्टी लावून बसलेला सापडतो. का गेले? पाणी नव्हतं म्हणून. माझ्या काउंटरवर त्यांचे ड्राफ्ट यायचे, त्या ड्राफ्टांवरची गावांची नावं वाचून मी हिंदुस्थानचा भूगोल शिकलो. आणि यात्रेला, दिवाळीला हे लोक आले की विट्याचा बाजार फुलून जायचा, आमच्या शाखेत उभं राहायला जागा नसायची. मला तेव्हा सुचलं नव्हतं, ते त्या दिवशी चहा पिताना सुचलं. एकाच रस्त्यावरून, एकाच मोसमात, पाणी नाही म्हणून माणसं बाहेर चालली होती आणि होतं तेवढ्या पाण्यासाठी पाखरं हजारो किलोमीटरवरून आत येत होती. दोघांनाही परत यायला एक जागा लागते. घर बंद असलं तरी चालतं, पण ते जागेवर असावं लागतं.

आपल्या या संस्थेत आज पंचवीस वर्षांनंतर किती घरांतली मुलं बाहेर आहेत, मोजा. पुणे, बेंगळुरू, दुबई, कॅनडा. आपण मागच्या खोलीतला पलंग हलवत नाही. का हलवत नाही, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. सौ.नी अजून घड्याळाकडं बोट दाखवलेलं नाही, तेवढ्यात बोलून घेतो.

आपल्या आवाराच्या पश्चिमेला चिंचेचं झाड आहे. प्लॉट घेतला तेव्हापासूनचं. पावसाळ्यात त्यावर गायबगळे, ढोकरी आणि रातबगळे घरटी करतात. खाली गाड्यांवर घाण पडते, माशांचा वास येतो, वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात. त्रास आहे, खोटं कशाला बोला? बी विंगच्या खालच्या मजल्यावरच्यांना तर जास्तच. गेल्या वार्षिक सभेत त्या झाडाच्या फांद्या उतरवण्याचा ठराव आला होता. तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. त्या ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मीही होतो, ही गोष्ट इतिवृत्तात आहे.

पण एक गोष्ट इतिवृत्तात नाही. २००३ साली मी खजिनदार होतो. मागच्या ओढ्याच्या बाजूला कंपाउंड वॉल घालायची होती. तिथं दोन मोठ्या बाभळी होत्या, त्यांवर बगळ्यांची घरटी होती. ऑगस्ट महिना होता. ठेकेदार म्हणाला, आत्ता तोडतो, नाहीतर दिवाळीनंतर माणसं मिळणार नाहीत. आम्ही हो म्हटलं. बाभळी पडल्या. मोठी पाखरं उडाली. पिल्लं उडण्याएवढी झाली नव्हती. वॉचमननं ती घमेल्यात गोळा केली, तीन घमेली भरली. आपल्या संस्थेतली एक सहा-सात वर्षांची मुलगी तिथं उभी होती. तिनं मला विचारलं, "काका, यांची आई कुठं गेली?" मी तिला म्हटलं, "दुसऱ्या झाडावर गेली बाळा, ती यांना घेऊन जाईल." हे खरं नव्हतं, मला ते तेव्हाही माहीत होतं. त्या दिवशी झाड तोडणाऱ्याच्या व्हाउचरवर माझी सही आहे. फाईल ऑफिसात आहे, कोणीही बघू शकतं. हिशेब अगदी बरोबर आहे.

ती मुलगी आज तिच्या मुलाला घेऊन या सभागृहात बसली आहे. तिला ते आठवतं की नाही, मी विचारलेलं नाही. मला आठवतं.

मायणीचा तलाव वाचवणं माझ्या हातात नाही. त्याला वनखातं आहे, ग्रामपंचायत आहे, तिथले तरुण आहेत. पण त्या तळ्याचं पाणी ओढ्या-नदीनं येरळेला मिळतं, येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आपल्या घाटावरून पुढं जाते. म्हणजे आपणही त्याच पाण्याच्या काठचे. आपल्या हातात चिंच आहे. तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत, आणि त्या मी लेखीही दिल्या आहेत.

पहिली. फांद्या उतरवायच्याच असतील तर जून ते ऑक्टोबर या काळात मुळीच उतरवू नयेत. घरटी रिकामी असतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि फक्त रस्त्यावर किंवा तारांवर आलेल्या. त्यासाठीही महापालिकेची परवानगी लागते, झाडांसाठीचा १९७५चा कायदा आहे. ती रीतसर घ्यावी.

दुसरी. चिंचेखालचं दुचाकींचं पार्किंग पूर्वेच्या भिंतीकडं न्यावं आणि तिथं पत्र्याची शेड घालावी. खर्चाचं काय, हा प्रश्न येणार. मी खजिनदार असताना तोच विचारायचो. शेडचा निम्मा खर्च मी माझ्या ठेवीतून देतो. उरलेल्या निम्म्यासाठी पावतीपुस्तक मीच घेऊन दारोदारी येईन. दारं उघडी ठेवा. चिंचेखाली जी जागा मोकळी होईल तिथं बी विंगच्या लोकांसाठी आठवड्याला एकदा धुण्याची सोय संस्थेनं करावी. त्यांनी एकट्यानं त्रास का सोसायचा?

तिसरी विनंती मुलांना. ऑक्टोबरात आपल्या गच्चीवर एक छोटा, शेपूट वर-खाली करणारा पक्षी येतो. धोबी. दगडावर धुणं आपटल्यासारखी शेपूट हलवतो म्हणून धोबी. तोही उत्तरेकडून, हिमालयाच्या बाजूनं येतो आणि उन्हाळा लागला की जातो. म्हणजे पाहुणा आपल्या घरी येतोच आहे, त्याला बघायला मायणीला जायची गरज नाही. मी गेल्या वर्षापासून एका जुन्या लेजरच्या वहीत त्याची आवक-जावक लिहायला घेतली आहे. तारीख, वेळ, कुठली गच्ची. ही वही यापुढं तुम्ही मुलांनी चालवायची. माझं अक्षर आता हलतं. पंचवीस वर्षांनी संस्थेचा सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा ती वही व्यासपीठावर ठेवा. धोबी वेळेवर आला का, चिंचेवर किती घरटी झाली, ते त्या दिवशी वाचून दाखवा. ऐकायला मी नसेन, पण आजच्या सतरंजीवरचे असतील.

आणि समितीला शेवटचं एकच. या विषयावर मी पूर्वी दिलं होतं ते उत्तर, "मार्च एंड झाल्यावर बघू", कृपा करून देऊ नका.

सौ.नी बोट दाखवलं आहे.